भिंतीचं माप

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात तात्या मंडपवाल्यांचं दुकान होतं. मांडव, खुर्च्या, गाद्या, कर्णा, साउंड, जनरेटर, सगळं तिथे भाड्याने मिळे. तात्यांना दोन मुलगे. थोरला बोलका आणि हिमतीचा, व्यापाऱ्याला बोलण्यात गुंडाळणारा. धाकटा कमी बोले. टेम्पो भरायला पोरं कमी पडली की बाह्या सारून तोच खांब उचलू लागे. गावात सगळे म्हणत, धंदा पुढे थोरलाच नेणार.

पुढे एलईडी वॉलचे दिवस आले. स्टेजवरचे नवरा-नवरी मागच्या भिंतीवर दहापट मोठे दिसल्याशिवाय लग्न लागल्यासारखंच वाटेना, तेव्हा तात्यांनी कर्ज काढून भिंत घेतली. अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर उंच अशी १९२ पॅनल. आडवी २४ आणि उभी ८ लावली की १२ मीटर रुंद, ४ मीटर उंच भिंत उभी राही. गोदामापुढच्या अंगणात ती पहिल्यांदा पेटली तेव्हा तात्या चष्मा लावून अगदी जवळ गेले. जवळून चित्र दिसेना, नुसते ठिपके. आणि एकेका ठिपक्यात तीन बारके दिवे, लाल, हिरवा आणि निळा. लाल-हिरवे दिवे जगात बरेच आधी आले होते. झगझगीत निळा मात्र १९९० च्या दशकात जमला, आणि तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यांनी एवढी खटपट केली नसती तर तात्यांच्या डोक्यावर कर्जही झालं नसतं.

भिंत आली, भिंतीला चित्र वाटून देणारा प्रोसेसर आला. राहिलं ते व्हिडिओ चालवायचं मशीन. तात्यांनी थोरल्याच्या हातावर तीन लाख ठेवले आणि म्हणाले, "चांगलं बघून आण."

गोष्ट बिघडली ती इथेच, असं माझं मत आहे. चांगलं म्हणजे कशासाठी चांगलं, हे ना बापाने सांगितलं, ना लेकाने विचारलं.

थोरला पुण्याला गेला. दुकानात एक मशीन मांडलेलं होतं, बाजूला काच, आत रंग बदलणारे पंखे, आणि ग्राफिक्स कार्ड इतकं लांब की त्याला खालून टेकू दिलेला. दुकानदार म्हणाला, यावर आठ-के गेम चालतात.

"याहून मोठं काही?" थोरल्याने विचारलं.

"याहून मोठं फक्त बिल," दुकानदार म्हणाला.

थोरल्याने तेच उचललं. पैसे सगळे मशीनमध्ये गेले, म्हणून केबल गोदामातलीच जुनी घेतली. एचडीएमआयची, २५ मीटरची, वर दोन ठिकाणी चिकटपट्टी.

श्रावणात एका साखर कारखान्याचा सुवर्णमहोत्सव होता. स्टेजसमोर साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी ते मशीन मांडलं. पंखे लाल-निळे झाले तशी पोरं जमली. थोरल्याने चित्र फोर-केमध्ये सोडलं, सेकंदाला साठ चित्रांच्या वेगाने. आणि भिंतीवर पांढरे कण उडू लागले. मधूनच सगळी भिंत दोन सेकंद काळी होई आणि पुन्हा पेटे.

पॅनल जोडायला एक पोरगा होता, जेमतेम वीस वर्षांचा. तो म्हणाला, "भाऊ, एवढ्या लांब तांब्याच्या केबलीतून एवढं चित्र जात नसतं. जरा कमी करून बघा."

थोरला तापला. "तीन लाखांचं मशीन आहे हे. केबलीचं काय सांगतोस?"

पोरगा गप्प बसला. थोड्या वेळाने कुणी बघत नाही असं पाहून थोरल्याने वेग अर्ध्यावर आणला, साठाचे तीस केले, आणि कण गेले. पण आता दुसरंच निघालं. कारखान्याने करून आणलेली फिल्म टीव्हीच्या मापाची होती, रुंदी १६ तर उंची ९. तात्यांची भिंत उंचीच्या बरोबर तिप्पट रुंद. चित्र ताणून भिंतभर केलं तर चेअरमनसाहेब आडवे सुटत. रुंदीला बसवलं तर वरून त्यांची टोपी कापली जाई. शेवटी टोपी कापायची की साहेबांना जाड करायचं यावर स्टेजमागे संचालकांची छोटी बैठक झाली आणि साहेब जाड झाले.

निवेदक म्हणे, "आणि पहा, पहिला गळीत हंगाम!" थोरला कळ दाबे. भिंत अर्धा-पाऊण सेकंद आधीच्याच चित्रावर अडून राही, मग एकदम पुढे उडी मारी. एकदा झालं तर कुणी मनावर घेत नाही. दर वाक्याला होऊ लागलं तेव्हा पुढच्या रांगेतले लोक निवेदकाऐवजी थोरल्याकडे बघू लागले. आणि ऐन भाषणात, साहेब दिवंगत संस्थापकांची आठवण काढत असताना, भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात चांगली दोन पुरुष रुंदीची चौकट उगवली, आपला संगणक अद्ययावत करायचा आहे, आत्ता करू की नंतर?

मागून कुणीतरी ओरडलं, "आत्ताच करा!"

घरी आल्यावर थोरला तासभर बोलत होता. दुकानदाराने फसवलं, फिल्म करणाऱ्याला अक्कल नव्हती, पॅनलवाला पोरगा अपशकुनी होता. तात्या ऐकत राहिले. धाकटा तिथे नव्हताच. तो टेम्पोबरोबर गोदामात गेला होता आणि पॅनल उतरवून झाल्यावर पेटीच्या झाकणावर बसून त्या पोराला विचारत होता, "एका पॅनलला ठिपके किती?"

"१२८ आडवे, १२८ उभे." पोराने खिशातला खडू काढला. पॅनलच्या पाठीवर नंबर टाकायला तो जवळच असे. "दोन ठिपक्यांमध्ये ३.९१ मिलिमीटर अंतर, म्हणून याला पी ३.९१ म्हणतात. साधारण तेवढेच मीटर लांब उभं राहिलं की ठिपके दिसेनासे होतात आणि चित्र दिसतं. ढोबळ हिशेब आहे, पण चालतो."

"म्हणजे आडवे चोवीस पॅनल…"

"३०७२. उभे आठ, १०२४." खडू चालत राहिला. दोन्हींचा गुणाकार झाला ३१,४५,७२८. त्याच्याशेजारी पोराने फोर-केचा आकडा लिहिला, ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००.

धाकटा ते दोन आकडे बघत राहिला. दादाच्या मशीनने त्या फाटक्या केबलीतून जीव खाऊन जे शंभर ठिपके ढकलले, त्यातल्या बासष्टांना भिंतीवर जागाच नव्हती. आणि आठ-के म्हणजे तर त्याच्याही चौपट.

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"मला तारा लावायच्या असतात ना," पोरगा म्हणाला. "प्रोसेसरमधून भिंतीला नेटच्या केबली जातात. एकीवर साडेसहा लाख ठिपके चालतात, साठाच्या वेगाला. म्हणजे जास्तीत जास्त ३९ पॅनल. मी ३२च लावतो, उभ्या चार ओळींना एक केबल. सहा केबलींत भिंत पुरी. ओढाताण नाही आणि अंधारातही चुकत नाही."

ज्याला ही गोष्ट मुलांना सांगायची असेल त्याने तात्पर्य इथेच सांगून टाकावं. साधन घ्यायच्या आधी काम मोजावं, आणि ते ज्याच्या हाताखालून जातं त्याला विचारावं. एवढं सांगून गोष्ट थांबवता आली असती. पण माप कळलं म्हणून मशीन आपोआप ठरत नाही. धाकट्याचं खरं काम यापुढे होतं.

गणपतीच्या देखाव्याचं काम तात्यांनी आधीच धरलं होतं. मंडळाने विषय घेतला होता, आग्र्याहून सुटका. पुढे जिवंत पात्रं आणि मागे भिंतीवर १६६६ सालचा आग्रा. चित्रफीत करणारी मुलगी सांगलीत होती. धाकटा तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "ताई, मला ३०७२ बाय १०२४ मध्येच पाहिजे. एक ठिपका जास्त नको, एक कमी नको."

तिला बरं वाटलं. बहुतेक लोक फोर-के द्या म्हणतात आणि मग सोनेरी जर, किल्ल्याची जाळी, बारीक अक्षरं भिंतीवर थरथरतात म्हणून तिलाच बोल लावतात. ठिपक्यावर ठिपका बसला नाही की प्रोसेसर मधल्यामध्ये अंदाजाने चित्र लहान-मोठं करतो, आणि बारीक रेघ त्या अंदाजात सापडते.

"आणि सेकंदाला चित्रं किती?" तिने विचारलं. "कॅमेऱ्याचं काही पंचवीसचं आहे माझ्याकडे."

धाकट्याला याचं उत्तर येत नव्हतं. तिनेच समजावलं. भिंत साठाने चालते. तीसची फीत दिली तर दर चित्र दोनदा दिसतं, चाल सारखी राहते. पंचवीसची दिली तर काही चित्रं दोनदा, काही तीनदा दिसतात, आणि दौडणारा घोडा लंगडू लागतो. सगळं तीसमध्ये करायचं ठरलं.

मग त्याने कारखान्यातला तो अर्ध्या सेकंदाचा अडथळा सांगितला. ती हसली. मोबाइलवर येते तशी फीत जागा वाचवायला केलेली असते. तिच्यात दर चित्र पूर्ण नसतं. एक पूर्ण, मग पुढच्या कितीतरी चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. मधलंच चित्र मागितलं की मशीन मागच्या पूर्ण चित्रापाशी जातं आणि तिथून जुळवत येतं. गेम पळवण्याची ताकद इथे कामाला येत नाही, कारण अशी फीत उलगडण्याचं काम कार्डाच्या एका वेगळ्याच छोट्या भागाकडे असतं.

"मग?"

"हॅपमध्ये देते." हॅप ही फीत दाबून ठेवायची एक वेगळी पद्धत. टॉम बटरवर्थ नावाच्या प्रोग्रामरने व्हिडव्हॉक्स कंपनीबरोबर ती मंचावर व्हिडिओ चालवणाऱ्यांसाठी काढली आणि सगळ्यांना मोकळी करून दिली. तिच्यात दर चित्र आपापलं पूर्ण असतं, आणि कार्डाला जसं हवं त्याच रूपात दाबलेलं. त्यामुळे कुठेही उडी मारा, थांबणं नाही. "पण फाइल फुगते हं. तुझ्या मापाला सेकंदाला ४७ एमबीच्या आसपास. वीस मिनिटांचा देखावा म्हणजे पन्नास जीबीच्या पुढे. आणि आग, धुकं, पात्रांची सावली असे चार थर एका वेळी चालवलेस तर चौपट. हार्ड डिस्कला ते झेपायचं नाही."

धाकटा घरी आला आणि तात्यांसमोर हिशेब मांडू लागला. डिस्क, फीत, कार्ड, केबल, प्रोसेसर, सहा तारा. तात्यांचा चेहरा कोराच होता. मध्येच ते म्हणाले, "थांब. म्हणजे ही पंगतच की."

आणि चाळीस वर्षं पंगती उठवलेल्या माणसाने तो हिशेब आपल्या भाषेत लावला. कोठीतून सामान निघतं, आचारी शिजवतो, वाढपी नेतो, पानात पडतं. "आपल्याकडे पानं मांडली होती शंभर. थोरल्याने हजार माणसांचा आचारी आणला, नावाजलेला. कोठीची किल्ली सापडत नाही, वाढपी एकच आणि तोही लंगडा. आचाऱ्याची बिदागी बघून कुणाचं पोट भरतं का?"

थोरला दारात उभा होता. तो काही न बोलता आत गेला. तात्यांना ते बरं वाटलं नाही, पण बोललेलं मागे घेता येत नव्हतं.

"किती पाहिजेत?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

"दीड लाख."

"एवढ्यात मशीन येतं?"

"दोन येतात."

दोन कशाला, असं तात्या विचारणार होते. पण त्यांनी लहानपणी गावातल्या टॉकीजच्या केबिनमध्ये डोकावून पाहिलेलं होतं. तिथे प्रोजेक्टर नेहमी दोन. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपे, आणि ते संपायच्या आत शेजारचा प्रोजेक्टर पुढचं रीळ घेऊन तयार असे. जत्रेतल्या तंबूत एकच प्रोजेक्टर असायचा, आणि रीळ बदलेपर्यंत लोक शिट्ट्या मारायचे. तात्यांनी दीड लाख मोजून दिले.

दुकान तेच होतं. दुकानदाराने या वेळी व्यावसायिक कामाचं महागडं कार्ड पुढे केलं. ते कार्ड वाईट नसतं, हे मी मुद्दाम सांगतो. भिंत इतकी रुंद असेल की चार केबलींतून चार तुकडे पाठवून एक चित्र करावं लागतं, तर ते चारही तुकडे नेमके एकाच क्षणी बदलायला हवेत. नाहीतर दौडणारा घोडा जोडावर कापला जातो. तिथे ते कार्ड घ्यावं, आणि घासाघीस न करता घ्यावं. धाकट्याची भिंत एका केबलीत मावत होती. त्याने मधल्या किमतीचं साधं कार्ड घेतलं आणि वाचलेले पैसे डिस्कमध्ये घातले. मशीन चालायला एक एसएसडी, फितींसाठी वेगळी, वेगवान एनव्हीएमई. दोन्ही मशीन अगदी सारखी. पेटी काळी, पत्र्याची, पुढून धूळ अडवायची जाळी. काच नाही, रंग नाहीत. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक कंजूष आहे.

केबलीवर त्याने जवळजवळ काहीच खर्च केला नाही. युक्ती त्या पोराची होती. प्रोसेसर आजवर भिंतीमागे असे आणि मशीन समोर, म्हणून एचडीएमआय २५ मीटर ओढावी लागे. पोरगा म्हणाला, प्रोसेसरच पुढे आणू. मशीन ते प्रोसेसर दोन मीटरची केबल, आणि लांबचा पल्ला नेटच्या त्या सहा केबलींना. त्या शंभर मीटरपर्यंत कुरकुरत नाहीत. प्रोसेसरमध्ये भिंतीचं माप लिहून ठेवलं, म्हणजे मशीन जोडताक्षणी त्याला समोरून सांगितलं जातं की मी ३०७२ बाय १०२४ आहे, तेवढंच दे.

मग दोन्ही मशीनवरून सगळं काढून टाकलं. गेम नाही, मेल नाही, इंटरनेट नाही, झोपणं नाही, आपणहून काही अद्ययावत करणं नाही. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात देखावा पुन्हा पुन्हा चालवला, गरम होऊन वेग मंदावतो का ते बघायला. चार-पाच वेळा बघून झाल्यावर गोदामातल्या हमालांना महाराजांचे संवाद पाठ झाले.

भाद्रपदात गणपती बसले. पहिल्या दिवसापासून देखाव्याला रांग लागली. पुढे पहारेकरी, मिठाईचे पेटारे, मागे भिंतीवर यमुनाकाठची रात्र. निवेदकाचा शब्द पडला की चित्र पडे. बघणाऱ्यांना त्यात कौतुकाचं काही वाटलं नाही, आणि वाटू नये हेच बरोबर. कौतुक झालं ते महाराजांच्या पात्राचं आणि पेटारा उचलताना खरोखर घसरलेल्या भोयाचं. प्रोसेसर आणि दोन्ही मशीन यूपीएसवर होती. एकदा लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंत भिंत काळी झाली, पण मशीन चालूच होतं. भिंत पेटली ती बरोबर पुढच्या प्रसंगावर.

थोरला पहिले चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला आणि धाकट्याच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिला. तिसरा खेळ चालू होता. पेटारे वेशीबाहेर पडत होते, आणि भिंतीवर मशालींच्या ज्वाळा हलायच्या थांबल्या.

थोरल्याला ते दिसलं, कारण त्याच्या डोळ्यांना आता तेच बघायची सवय लागली होती. धाकट्याने प्रोसेसरवरचं दुसरं बटण दाबलं. ज्वाळा पुन्हा हलू लागल्या. शेजारचं मशीन सुरुवातीपासून तीच फीत, त्याच क्षणावर, पहिल्याच्या बरोबरीने चालवत होतं. रांगेतलं एक पोरगं कुल्फी खात होतं, त्याने मानही वळवली नाही.

"काय झालं?" थोरल्याने हळूच विचारलं.

"पहिलं अडकलं."

"कशाने?"

"माहीत नाही अजून. खेळ संपू दे, मग बघू."

खेळ संपल्यावर पेटी उघडली. रॅमची पट्टी सैल झाली होती, टेम्पोच्या धक्क्यांनी. मंचावरचं सामान कामाने मरतं त्याहून जास्त रस्त्याने मरतं, हे मंडपवाल्यांना कुणी सांगायला नको. थोरल्याने पट्टी दाबून बसवली, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या गादीतला फोम कापून दोन्ही पेट्यांना आतून अस्तर लावलेलं दिसलं. ते कुणी केलं हे कुणी विचारलं नाही.

राहिलं ते तीन लाखांचं मशीन. तात्या ते विकायचं म्हणत होते. पण अनंत चतुर्दशीनंतर चित्रफीत करणारी मुलगी हिशेबाला आली, आणि गोदामात कापडाखाली झाकलेलं ते कार्ड बघून तिने कपाळाला हात लावला. तिच्या मशीनवर आग्र्याचा किल्ला तयार व्हायला रात्र-रात्र लागली होती. असलं काम, दर चित्रातला उजेड-सावली नव्याने मोजायचं, ते कार्ड जेवणाआधी उरकेल, ती म्हणाली. तसंच झालं. थोरल्याने दुकानाच्या माडीवर एक खोली रिकामी केली, मशीन तिथे मांडलं, आणि तिच्या फिती ठरलेल्या दराने तयार करून देऊ लागला. भाव करण्यात तो पटाईत होताच. सहा महिन्यांत त्याने आजूबाजूच्या चार मंडपवाल्यांचं काम धरलं. रंग बदलणारे पंखे तेवढे बंद करून टाकले, झोप लागत नाही म्हणून.

दिवाळी पहाटेच्या एका कार्यक्रमाचं बोलणं आलं ते थोरल्याच्याच फोनवर. भिंत दुसऱ्याची होती. मशीन, प्रोसेसर आणि फीत तात्यांची. आयोजक म्हणाला, काळजीचं काही नाही, भिंत तुमच्यापेक्षा लहान आहे, आठ मीटर बाय तीन.

"पिच किती? दोन ठिपक्यांमधलं अंतर?" थोरल्याने विचारलं.

आयोजकाला ते ठाऊक नव्हतं. थोरल्याने पॅनलवाल्या पोराला फोन लावला. पोरगा म्हणाला, ती भिंत मला माहिती आहे, आतल्या हॉलसाठी घेतलेली, बारीक ठिपक्यांची. अर्ध्या मीटरच्या पॅनलला १९२ बाय १९२. थोरल्याने कागद ओढला. आडवी १६, उभी ६. रुंदी ३०७२, तीच. उंची ११५२. गुणाकार ३५,३८,९४४. भिंत लहान, आणि ठिपके चार लाखांनी जास्त. त्याने आकडा पुन्हा तपासला, मग जिन्यावरून खाली हाक मारली, "अरे, सहा केबलींत बसतंय. पण एकीला सतराच्या वर पॅनल जात नाहीत, तू सोळा-सोळाच लाव. आणि ताईला सांग, उंची बदलली आहे, जुनी फीत चालणार नाही."